पिचर येत नाहीत म्हणून घटपर्णीला खाऊ घालू नका

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत बरोबर आहे का ते तुम्हालाही कळेल. जानेवारीत ठाण्यातल्या एका नर्सरीतून तुम्ही टांगत्या कुंडीतली घटपर्णी आणली, तेव्हा तिला दहा-बारा पिचर, म्हणजे पानांच्या टोकाला येणारे, किडे पकडणारे घडे, लटकत होते. घर कासारवडवलीला, चौदाव्या मजल्यावर; कुंडी हॉलच्या पश्चिमेकडच्या ग्रिलमध्ये. आता एप्रिल उजाडला. जुने पिचर एकेक करून वाळले. नवी पानं येतात, पण त्यांच्या टोकाला पिचरऐवजी नुसती काळी पडलेली शेपटी. नर्सरीवाला म्हणाला, 'चौदाव्या मजल्यावर किडे कुठून मिळणार तिला?' म्हणून तुम्ही मेलेल्या माश्या घातल्या, मग खिम्याचा कण घातला. त्याचा वास सुटला आणि सासूबाईंनी फर्मान काढलं, की हे मांसाहारी झाड श्रावणाच्या आत घराबाहेर गेलं पाहिजे. एवढं होऊनही नाशिकच्या बहिणीसाठी तुम्हाला याच झाडाचं एक रोप करून द्यायचं आहे.

सासूबाईंपासून सुरुवात करू, कारण तो प्रश्न सगळ्यात सोपा आहे. घटपर्णीला आपण काहीही खायला घालायची गरज नसते. ती इतर झाडांसारखीच उजेडावर आपलं अन्न तयार करते. किड्यांकडून तिला मिळतो तो नायट्रोजन आणि फॉस्फरस, कारण तिच्या मूळच्या जागी जमिनीत ते फार कमी असतं. बोर्निओ, सुमात्रा, फिलिपाइन्सच्या जंगलांत आणि डोंगरउतारांवर ती सततच्या पावसाने धुतलेल्या निकस जमिनीत वाढते, कधी तर झाडांच्या फांद्यांवर. आपल्या घरात तिने एकही किडा खाल्ला नाही तरी ती वर्षानुवर्षं जगते. वाढ जरा संथ राहते, इतकंच. मिळाल्याच तर मुंग्या तिच्या तिनेच पकडते. खिमा, चिकन, पनीर, अंडं यातलं काहीही आत घालू नका. पिचरमधल्या रसाच्या आवाक्याबाहेरचा तुकडा पडला की तो पचत नाही, सडतो, आणि तो पिचर अकाली मरतो.

आता मूळ मुद्दा. तुम्ही विचारलंत, पिचर यायला काय खायला घालू. मला वाटतं प्रश्न असा हवा, की जानेवारीपासून आलेली पानं कशी आहेत. आणली तेव्हा लटकणारे सगळे पिचर तुमच्या घरात तयार झालेले नव्हतेच. ते नर्सरीच्या किंवा त्याआधीच्या पॉलीहाऊसमध्ये तयार झाले, जिथे डोक्यावर शेडनेट आणि दिवसभर फवारे चालू असतात. पिचरचं आयुष्य काही आठवड्यांचं ते काही महिन्यांचं. नंतर तो वाळणारच. तुमचे जुने पिचर वाळले यात फारसं काही बिघडलेलं नाही. बिघडलंय ते हे, की त्यांच्या जागी नवे आले नाहीत.

या झाडात एका पानाला एकच पिचर. पान उलगडतं, त्याच्या मधल्या शिरेतून एक तंतू पुढे येतो, आणि तंतूच्या टोकाला चण्याच्या डाळीएवढी गाठ दिसते. ती गाठ खाली झुकते, मग वरच्या बाजूला वळते, फुगते, आणि सगळ्यात शेवटी झाकण उघडतं. मधल्या काळात हवा कोरडी झाली किंवा उजेड अपुरा पडला, तर झाड पहिल्यांदा हीच गाठ सोडून देतं. ती काळी पडून वाळते. एकदा वाळलेली गाठ पुन्हा कधीही पिचर होत नाही, तुम्ही काहीही करा. त्यामुळे आज कुंडीत असलेल्या पानांकडून आशा सोडा. पण ती पानं कापूनही टाकू नका. पिचर नसलेलं हिरवं पान उजेड घ्यायचं आपलं काम करतच असतं. चांगल्या दिवसांत झाड महिन्याला साधारण एक पान काढतं. म्हणजे आज परिस्थिती सुधारली, तरी निकाल तीन-चार महिन्यांनी दिसेल. मधेच वैतागून जागा बदलत बसलात तर काहीच कळणार नाही.

परिस्थिती सुधारायची म्हणजे काय, हे घरागणिक बदलतं. एकाच नर्सरीतून आणलेली दोन झाडं, एक नेरुळला दुसऱ्या मजल्यावर पिंपळाच्या आड आणि दुसरं तुमच्याकडे चौदाव्या मजल्यावर, यांना एकच वेळापत्रक लावता येत नाही. तुमच्या वर्णनावरून मला तीन गोष्टींचा संशय आहे, आणि ज्या क्रमाने लिहितोय त्याच क्रमाने.

पहिली, पश्चिमेची खिडकी. ठाण्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर्वेकडून कोरडा वारा येतो, खाडीवरचा वारा दुपारी उशिरा पोचतो, आणि पारा अडतीस-एकोणचाळीसला जातो. आपण ठाणं म्हणजे दमट असं धरून चालतो. पण त्या दुपारी हवेतली आर्द्रता तीस-चाळीस टक्क्यांवर आलेली असते. त्यात दुपारी दोनपासून तिरपं ऊन आणि चौदाव्या मजल्याचा वारा. गाठी वाळायला इतकं पुरे. पूर्वेची खिडकी असेल, मग ती बेडरूमची का असेना, कुंडी तिथे न्या. सकाळचं नऊ-साडेनऊपर्यंतचं ऊन या झाडाला मानवतं. पश्चिमेशिवाय इलाजच नसेल तर ग्रिलला बाहेरून ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट बांधा, किंवा कुंडी आत घेऊन काचेपासून फूटभर लांब, पातळ पडद्यामागे टांगा.

मात्र उन्हाला घाबरून तिला हॉलच्या कोपऱ्यात टीव्हीशेजारी नेऊ नका. तो दुसऱ्या टोकाचा घोटाळा आहे. उजेड पुरेसा आहे की नाही ते पान सांगतं. पान आखूड, ताठ, आणि शिरेजवळ किंचित तांबूस झाक असेल तर उजेड ठीक. पान लांब, मऊ, गडद हिरवं आणि लोंबतं असेल तर उजेड कमी. सगळं पान लालभडक आणि खरखरीत झालं, तर ऊन जास्त. तुमच्या फोटोत जुनी पानं हिरवी आणि शेवटची दोन कडांना भाजलेली दिसतात. म्हणजे उजेड नव्हे, दुपारचं ऊन आणि कोरडा वारा जास्त झालाय.

आर्द्रतेसाठी लोक दिवसातून चारदा स्प्रे मारतात. त्याने मनाला बरं वाटतं, हवेत पंधरा मिनिटांपेक्षा जास्त फरक राहत नाही. त्यापेक्षा चार झाडं एकत्र दाटीने ठेवा, मनीप्लांट, नेचे, जे असेल ते. पसरट ट्रेमध्ये खडी घालून पाणी ठेवा आणि कुंडी खडीच्या वर राहील असं बघा. ज्या खोलीत रात्रभर एसी चालतो तिथे झाड नको.

दुसरा संशय पाण्याचा, आणि ठाणेकरांनी तो नेहमी घ्यावा. धरणाचं पाणी, मग ते ठाण्याला येणारं भातसाचं असो, एमआयडीसीचं बारवीचं असो की नवी मुंबईचं मोरबेचं, मुळात हलकं असतं. नेरुळला माझ्या घरी मी घटपर्णीला नळाचंच पाणी घालतो. पण घोडबंदर रोडच्या सोसायट्यांत टाकीत नेमकं काय येतं हे वॉचमनला विचारल्याशिवाय कळत नाही. नळाचं थोडं, टँकरचं बरंच, उन्हाळ्यात बोअरचं मिसळलेलं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर येतो, तो घ्या. शंभरच्या आत आकडा असेल तर निर्धास्त घाला. दोनशेच्या वर गेला की या झाडाची मुळं हळूहळू मार खातात, कारण तिला क्षारांची सवयच नाही. कुंडीच्या काठावर क्षारांचा पांढरा थर बसलाय का, तेही बघा.

प्युरिफायरचं पाणी चालतं, पण आता बऱ्याच मशिनमध्ये शेवटी पुन्हा क्षार मिसळतात, म्हणून तेही मोजूनच घ्या. बाजूच्या नळीतून वाया जाणारं पाणी मात्र अजिबात नको; प्युरिफायरने काढलेले सगळे क्षार त्यातच असतात. एसीच्या नळीचं पाणी टीडीएसला उत्तम, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बादली भरते. मी ते वापरतो, फक्त सर्व्हिसिंग झाल्यावर आठवडाभर नाही, कारण कॉइल धुवायचं रसायन त्यात उतरतं. पावसाळ्यात तर प्रश्नच मिटतो: बादली ग्रिलबाहेर ठेवा, पहिले एक-दोन पाऊस सोडून पुढचं पाणी भरून ठेवा. कुंडी कायम ओलसर हवी, चिखल नको. व्हीनस फ्लायट्रॅपला पाण्याच्या ताटलीत बसवतात तसं हिला बसवलं तर मुळं कुजतात. खडीचा ट्रे वेगळा; कुंडीचं बूड बुडेल असं ताटलीत पाणी साठूच देऊ नका. डेंग्यूच्या दिवसांत महापालिकेची माणसं अळ्या बघायला घरोघरी येतात आणि पहिल्यांदा ताटल्याच बघतात. वाळलेल्या पिचरमध्ये पावसाचं पाणी साचतं, म्हणून तेवढे कापून टाका.

तिसरी गोष्ट, प्रेमाने घातलेलं खत. तुम्ही लिहिलंय की मार्चमध्ये चमचाभर गांडूळखत आणि 'थोडं ताक' घातलं. बागकामाच्या आपल्या घरगुती नुस्ख्यांमधलं काहीही इथे चालत नाही: ताक नाही, तांदळाचं धुवण नाही, कांद्याच्या सालींचं पाणी नाही, शेणखत नाही. वरचा थर दोन बोटं खरवडून काढा आणि कमी टीडीएसचं पाणी कुंडीतून भरपूर वाहून जाऊ द्या, आठवड्याच्या अंतराने दोनदा. कुंडी मात्र आत्ता बदलू नका. हिची मुळं काळी, बारीक आणि ठिसूळ असतात. हाताळली की तुटतात, आणि एप्रिलच्या उकाड्यात तो धक्का नको. पाऊस स्थिरावला की बदला. मिश्रण म्हणाल तर दोन भाग स्फॅग्नम मॉस (वाळवलेलं शेवाळ), एक भाग परलाइट (हलके पांढरे खडे), एक भाग नारळाच्या सोडणाचे तुकडे. सोडणं बऱ्याचदा खाऱ्या पाण्यात कुजवलेली असतात, म्हणून ते तुकडे दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवून घ्यायचे. बागेची माती नको. कुंडी प्लास्टिकची, बुडाला भरपूर भोकं असलेली.

झाडाची जात कुठली यावरही थोडं अवलंबून आहे. आपल्याकडच्या नर्सऱ्यांत बहुतेक वेळा मिळते ती व्हेंट्राटा नावाची संकरित जात. पिचर हिरवट-लालसर, कमरेत किंचित बारीक. तुमच्या जानेवारीच्या फोटोत मला तीच वाटते. ती सोशिक आहे, मे महिना काढते. दुसरी मिरांडा, मोठ्या ठिपकेदार पिचरची आणि पट्टेरी ओठांची. तीही ठाण्यात जमते. इंटरनेटवर फोटो पाहून 'राजा' नावाच्या किंवा तसल्या उंच डोंगरावरच्या जातींच्या नादी लागू नका. हजार-बाराशे मीटरच्या वर वाढणाऱ्या जातींना रात्रीचा गारवा लागतो, आणि आपल्याकडे मेमध्ये रात्री सत्तावीस-अठ्ठावीसच्या खाली पारा उतरत नाही. भारतात मूळची एकच घटपर्णी आहे, मेघालयातली नेपेंथिस खासियाना. तिला वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, आणि जंगलातून काढून आणलेली कुणी देऊ केली तर घेऊ नका.

आता बहिणीचं रोप. बियांचा विचार सोडून द्या. घटपर्णीत नर झाड वेगळं, मादी वेगळं. तुमच्याकडे एकच आहे, त्यामुळे फुलोरा आला तरी बी धरणार नाही. विकत मिळणाऱ्या 'निळ्या पिचर प्लांटच्या बिया' ही शुद्ध फसवणूक असते.

कलम करायच्या आधी एक काम करा, कुंडीच्या तोंडाशी बोटांनी मॉस बाजूला सारून बुडखे मोजा. ही रोपं टिश्यू कल्चरची असतात आणि कुंडी भरगच्च दिसावी म्हणून नर्सरीवाले एका कुंडीत तीन-चार रोपं एकत्र लावतात. तसं निघालं तर कापाकापीची गरजच नाही. जूनच्या शेवटी कुंडी बदलताना गड्डा बादलीभर पाण्यात बुडवून ठेवा, मॉस सुटा होऊ द्या, आणि रोपं हलक्या हाताने वेगळी करा. थोडी मुळं तुटतील. दोन आठवडे प्लास्टिकच्या पिशवीखाली सावलीत ठेवलं की सावरतात.

एकच बुडखा असेल तर थांबावं लागेल. आत्ता तुमचं झाड जमिनीशी बसकं आहे, पानं एकमेकांवर दाटलेली. या अवस्थेत कापायला खोडच नाही. पुढे झाड वेलावर येतं: खोड लांबतं, दोन पानांतलं अंतर बोटभर होतं, पिचरही सडपातळ होतात आणि तंतूला एखादा वेढा पडतो. कलम त्या वेलाचं. कधी करायचं, तर जून ते सप्टेंबर. ठाणं-नवी मुंबईत या चार महिन्यांत अख्खं शहरच पॉलीहाऊस झालेलं असतं, त्याचा फायदा घ्यायचा.

छाट कलम असं. नवं ब्लेड स्पिरिटने पुसून घ्या. दोन किंवा तीन पेरांचा तुकडा, खालचा काप पेराच्या जरा खाली, तिरका. पानं अर्ध्यावर आडवी कापून टाका. अख्खी ठेवलीत तर मुळं नसलेला तुकडा तेवढ्या पानांना पाणी पुरवू शकत नाही. सगळ्यात खालचं पान देठाच्या बुडापासून काढा. प्रत्येक पानाच्या बेचक्यात, किंचित वर, खोडाला चिकटलेला एक बारीक टिंब दिसेल. तो डोळा. पान सोलताना तो खरवडला गेला तर त्या पेरातून फुटवा नाही, म्हणून पान ओढायचं नाही, कापायचं. कापलेलं टोक लगेच कमी टीडीएसच्या पाण्यात, मग मुळं फुटायच्या पावडरीत टेकवून ओल्या मॉसमध्ये गुंडाळा. मॉस घट्ट पिळून घ्यायचं. दाबल्यावर थेंब गळता कामा नये. हे सगळं पारदर्शक ग्लासात, वर पिशवी, आणि उजेडात पण उन्हात नाही. बंद पिशवीवर दहा मिनिटं थेट ऊन आलं तरी आतला तुकडा शिजतो.

तीन-चार आठवड्यांत डोळा फुगून हिरवा होतो. लोक इथेच हरखून पिशवी काढतात. फुटवा आला म्हणजे मुळं आली असं नाही. तो खोडातल्या शिल्लक रसावरही निघतो. मुळांना सहसा महिना-दीड महिना, कधी दोन महिने लागतात. म्हणूनच पारदर्शक ग्लास सांगितला, काळी मुळं भिंतीला टेकलेली दिसेपर्यंत उपटून बघायचं नाही. मग पिशवीला रोज थोडं भोक वाढवत पंधरवड्यात ती काढायची. तुकडा खालून काळा पडत वर येऊ लागला तर काळ्या भागाच्या वर, निरोगी हिरव्यात, पुन्हा काप घेऊन नव्या मॉसमध्ये लावा.

तुमच्याकडे एकच झाड आहे, म्हणून मी छाट कलमापेक्षा गुटीकडे झुकेन. पेरू-डाळिंबाला बांधतात तशीच गुटी. वेलावर एका पेराच्या खाली खोडाच्या एक तृतीयांश जाडीपर्यंत तिरका काप द्या, कापात मॉसचा धागा अडकवा म्हणजे तो मिटणार नाही, भोवती मूठभर ओलं मॉस आणि वर प्लास्टिक. मुळं येईपर्यंत आईझाड वरच्या भागाला पाणी पुरवत राहतं. नाही जमलं तर जखम भरते, गमावलं काहीच नाही. आणि गुटी उतरवल्यावर खाली राहिलेल्या खोडातून फुटवे येतात, ते तुमचे.

याला एक अपवाद. खोड बुडाशी मऊ, काळं पडलं असेल, तर ऋतू बघत बसू नका, एप्रिल असो की डिसेंबर. वरचा निरोगी भाग कापून लगेच मॉसमध्ये लावा, कारण मुळं गेलेली आहेत आणि वाट पाहण्यात तोही भाग जाईल.

थोडक्यात तुमचा क्रम: या आठवड्यात पूर्वेची खिडकी, टीडीएस मीटर आणि गांडूळखत काढणं, जून लागेपर्यंत दुसरं काहीही नाही, पाऊस बसला की कुंडी बदलताना बुडखे मोजणं. पिठ्या ढेकूण पानांच्या बेचक्यात मधूनमधून बघत जा. दिसला तर कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून पुसा, फवारा नको.

नाशिकला रोप पाठवायचं तर पावसाळ्यातच पाठवा, दिवाळीनंतर नाही. तिथे थंडीत पारा दहाच्या खाली जातो. व्हेंट्राटा दहापर्यंत तग धरते, पण नुकतं मूळ धरलेलं रोप नाही, आणि हवाही आपल्यापेक्षा खूप कोरडी. बहिणीला जुना माशांचा टँक किंवा झाकणाची मोठी पारदर्शक प्लास्टिकची पेटी मिळते का विचारा. पहिला हिवाळा आणि पहिला उन्हाळा रोप त्यात, झाकण बोटभर उघडं ठेवून काढायचं. पाणी तिने तिच्याकडचं मोजून घ्यावं, तुमच्याकडचा आकडा तिला उपयोगाचा नाही. पहिले पिचर नखाएवढे येतील. ते तसेच असतात, त्यात काही घालायला जाऊ नको म्हणावं.